संगप्पांच्या भिंतीवरची पाच सफरचंदं

"उदगीरला सफरचंद येतं. फक्त ते कसं आणायचं, हे माणसाला कळलं पाहिजे," असं संगप्पा गेली चार वर्षं सांगत होते. त्यांचं हार्डवेअरचं दुकान. पाव किलो खिळे घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला खिळे वजन करून मिळेपर्यंत हे ऐकून घ्यावंच लागे. काही लोक त्यापायी समोरच्या दुकानात जायला लागले होते, पण त्याचं संगप्पांना काही नव्हतं.

घरामागची जागा बारा बाय आठ फूट. त्यात धुण्याचा दगड, बोअरची मोटर आणि एक बेलाचं रोप. झाडाला जागाच नव्हती. मग संगप्पांनी मोबाइलवर बघितलं की परदेशात लोक सफरचंदाचं झाड भिंतीला चपटं लावतात. बुडखा एकच, आणि फांद्या उजवीकडं-डावीकडं सरळ ताणून तारेला बांधायच्या. तार, हूक, ताण द्यायचे स्क्रू, सगळं दुकानातलंच. त्यांनी स्वयंपाकघराच्या बाहेरच्या भिंतीत हूक ठोकले आणि तीन तारा ओढल्या. पहिली गुडघ्याइतकी, दुसरी बरोबर खिडकीच्या खाली, तिसरी खिडकीच्या वर. गरम मुलखातही येणाऱ्या जातीचं रोप हिमाचलहून मागवलं आणि त्याच्या फांद्या जुन्या धोतराच्या चिंध्यांनी तारेला बांधत चार वर्षं काढली.

उमादेवींना हे झाड पहिल्या दिवसापासून पटलं नव्हतं. जिथं तिसरी तार आली, तिथं आधी त्यांची धुणं वाळत घालायची दोरी होती.

"तारा तर लई झ्याक ओढल्यात," त्या म्हणाल्या. "त्याच्यावर दोन लुगडी टाकली तर काय बिघडतंय?"

"फांद्यांना ऊन लागायला पाहिजे."

"माझ्या लुगड्यांनाबी लागायला पाहिजे."

जानेवारीत संगप्पांनी झाडाचं एकेक पान हातानं तोडलं. आपल्याकडच्या थंडीत हे झाड आपणहून पानं टाकत नाही, ती तोडली की त्याला वाटतं हिवाळा झाला. उमादेवींनी गल्लीत सांगितलं की ह्यांनी झाडाचं जावळ काढलं. पण फेब्रुवारीत त्याच बोडक्या फांद्यांवर पांढरी-गुलाबी फुलं आली आणि मार्चमध्ये आठ फळं धरली. आठही दुसऱ्या तारेवर, खिडकीपाशी.

"बघ," संगप्पा बायकोला म्हणाले. "खिडकीतून हात घातला की फळ हातात. शिडी नको, आकडी नको. ह्याला म्हणतात वळण लावणं."

त्या वेळी घरातल्या कुणाचं लक्ष फळांत नव्हतं. सून सुकन्या तीन महिन्यांची गरोदर होती आणि तिच्या पोटात पाण्याचा घोट टिकत नव्हता. भात नको, भाकरी नको, फोडणीचा वास आला की ती न्हाणीकडं पळायची. पोरीचे गाल बसले. अमरेश, म्हणजे संगप्पांचा मुलगा, दुकानातून दोनदा फोन करून विचारायचा, काही खाल्लं का. उमादेवींनी आंबील करून बघितली, नाचणीची पेज करून बघितली. एप्रिलमध्ये एकदाची पोरगी खायला लागली, अंगावर थोडं मांस आलं. उमादेवींनी सगळं श्रेय पेजेला दिलं.

त्याच महिन्यात आठातली तीन फळं गेली. संगप्पांनी खाली, मागं, मोटरीच्या आड शोधलं, पण पडलेलं फळ काही सापडलं नाही. मुंग्यांनी नेलं असेल म्हणाले. उन्हानं गळ झाली, हे मात्र नक्की ठरवून त्यांनी भिंतीवर हिरवी जाळी ताणली, आणि सफरचंदाची गळ या विषयावर दुकानात आठ दिवस भाषण दिलं. उरलेल्या पाच फळांना पोपटांनी चोची मारू नयेत म्हणून उमादेवींकडून मांजरपाटाच्या पाच पिशव्या शिवून घेतल्या आणि सुतळीनं तोंडं बांधून टाकली.

आता व्याह्यांचं सांगायला पाहिजे. सुकन्याचे वडील गुरुपादप्पा यांची लातूरला फळांची आडत. तीस वर्षं ते सफरचंद विकत आलेले. सोयरीक ठरली त्याच दिवशी ते म्हणाले होते, "आपल्याकडं सफरचंद येत न्हाई हो. आलं असतं तर मी काय काश्मीरचे ट्रक उतरवत बसलो असतो?" हे वाक्य संगप्पांना लागलं होतं. पुढं सातव्या महिन्यात डोहाळजेवण ठरलं, आणि ओटीसाठी फळांची पेटी पाठवतो असा गुरुपादप्पांचा फोन आला, तेव्हा संगप्पा ताठ बसून म्हणाले, "पेटी नको. एक फळसुद्धा आणू नका. पोरीच्या ओटीत पाच सफरचंदं पडतील आन् पाची घरच्या झाडाची असतील. तुमच्यासमोर तारेवरून काढतो."

फोन ठेवल्यावर उमादेवी एवढंच म्हणाल्या, "अजून पिशवी उघडून तरी बघितली का?"

न बघताच बोलून बसले होते, हे खरं होतं. डोहाळजेवणाला चार दिवस राहिले तेव्हा संगप्पांनी सकाळची लिंगपूजा आटोपली, मागं गेले आणि खिडकीजवळची पहिली पिशवी सोडली.

आत बटाटा होता.

संगप्पांनी बटाटा उलटसुलट करून बघितला. पोपट बटाटा आणून ठेवत नाही, वानर ठेवत नाही. म्हणजे हे घरातल्याच माणसाचं काम, आणि घरातल्या माणसाचं झाडाशी वैर म्हणजे लुगड्यांचं. उमादेवींना विचारावं तर बोभाटा होणार, बोभाटा झाला की लातूरला कळणार. त्यांनी बाकीच्या चार पिशव्या बाहेरून दाबून बघितल्या. कडक, गोल, हाताला भरीव. एकाच फळाचा घात झाला, असं त्यांनी मनाशी ठरवलं, कारण तसं ठरवणं सोयीचं होतं. दुपारी ते आपल्या गल्लीतला गाडा टाळून बसस्टँडकडं गेले, एक लाल सफरचंद घेतलं, धोतराच्या सोग्यात लपवून आणलं आणि पिशवीत घालून सुतळी बांधली.

डोहाळजेवणाच्या दिवशी गुरुपादप्पा आणि त्यांच्या पत्नी पार्वतम्मा सकाळीच आले. पेटी खरोखर आणली नव्हती. गुरुपादप्पा पाय धुवायला मागं गेले आणि जरा वेळानं परत आले.

"झाड बाकी छान वळवलंय," ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणून संगप्पांना जास्तच बरं वाटलं.

हिरवी साडी, फुलांचे दागिने, पाटावर सुकन्या. बायकांची गाणी झाली. मग संगप्पा कात्री घेऊन उठले, मागचं दार सताड उघडलं आणि सगळ्यांना बघायला बोलावलं. सुकन्यालाही खुर्ची टाकली. ती मात्र पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

संगप्पांनी पहिली सुतळी कापली. लाल सफरचंद. बायकांनी "अगं बाई" केलं. संगप्पांनी चेहरा गंभीर ठेवला, कारण याच्यात काय आहे ते त्यांना ठाऊकच होतं.

दुसरी पिशवी कापली. आत सफरचंद! पिवळसर, त्यावर तांबड्या रेघा. हे त्यांनी आणलेलं नव्हतं. चार वर्षं ज्याची वाट बघितली ते हेच. डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी पुसलंही नाही. "आलं," ते हळूच म्हणाले. "खरंच आलं की."

तिसरी कापली. हिरवंगार, काचेसारखं गुळगुळीत सफरचंद निघालं.

गुरुपादप्पा खोकले.

चौथ्यातून गडद लाल निघालं. त्याच्यावर छोटा गोल स्टिकर होता. संगप्पांनी अंगठ्यानं तो झाकायला बघितलं, पण पार्वतम्मांची नजर चांगली होती. "अहो, ह्याला तर चिठ्ठी हाय," त्या म्हणाल्या.

पाचवी पिशवी उघडण्यावाचून गत्यंतर नव्हतं. संगप्पांनी सुतळी कापली आणि बटाटा हातात पडला. तो तिथं बरेच दिवस असावा, त्याला दोन बोटं लांब कोंब फुटला होता.

"चिठ्ठीवालं माझं हाय," गुरुपादप्पा मान खाली घालून म्हणाले. "वाटेत हिला भूक लागली तर म्हणून एक घेतलं होतं. सकाळी पिशवीला हात लागला, मऊ लागलं, सोडून बघितलं तर नासका बटाटा. म्हटलं, व्याह्यांची चारचौघांत... घाईत चिठ्ठी काढायची राहिली."

"हिरवं मी आणलं, आप्पा," अमरेश म्हणाला. "मला वाटलं आईनं राग काढला."

"मी?" उमादेवी म्हणाल्या. "मीच तर ते पिवळं ठेवलं. यांना बीपीची गोळी चालू हाय, म्हटलं उगं धक्का नको. मला वाटलं, अमरेशनं चेष्टा केली."

मग सगळे संगप्पांकडं बघायला लागले. "पहिलं माझं," संगप्पांनी सांगून टाकलं.

"म्हणजे एका झाडाला चार गावची सफरचंदं," गुरुपादप्पा म्हणाले. "मग झाडाची कुठं गेली?"

तेव्हा सुकन्या रडायलाच लागली. हुंदके देत तिनं सांगितलं. एप्रिलमध्ये पोटात काही टिकत नव्हतं तेव्हा ती खिडकीपाशी उभी होती. समोरच कच्चं फळ. हात घातला, तोडलं, मीठ-तिखट लावून खाल्लं, आणि ते टिकलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पिशव्या बांधल्यावरही राहवेना. रिकामी पिशवी लोंबायला लागली तर मामांना, म्हणजे सासऱ्यांना, वाईट वाटेल, म्हणून फळ काढलं की त्याच मापाचा बटाटा ठेवायची. "पेजेनं न्हाई, आत्या," ती म्हणाली. "त्यानंच बरं वाटलं मला."

उमादेवींना हे ऐकून पेजेचं वाईट वाटलं, पण त्यांनी पुढं होऊन सुनेचे डोळे पुसले.

"कसं होतं?" गुरुपादप्पांनी लेकीला विचारलं. तीस वर्षं सफरचंद विकलेल्या माणसानं असं विचारावं, याचं त्यांनाच नवल वाटलं असावं.

"आंबट. जरा तुरट. लई चांगलं."

संगप्पांना राग यायला पाहिजे होता, पण आला नाही. डोहाळे पुरवायला म्हणून हे जेवण मांडलं होतं, आणि ते काम त्यांचं झाड दोन महिने आधीच, कुणाला न सांगता, उरकून बसलं होतं.

ओटीला मात्र पाच फळं पाहिजेत, आणि चारच होती. दुसरं फळ घरात आणायचं नाही, असा खुद्द संगप्पांचाच हुकूम होता. पार्वतम्मांनी बटाटा हातात घेतला, कोंबावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "कोंब आलाय. ओटीत याच्यापरीस चांगलं काय असतंय?" आणि चार सफरचंदांशेजारी तो ठेवून दिला. सुकन्याच्या ओटीत त्या दिवशी संगप्पांच्या तारेवर वाढलेलं असं काही पडलं असेल, तर तो बटाट्याचा कोंब.

संध्याकाळी पाहुणे गेल्यावर सुकन्या मागच्या दारात आली. संगप्पा हिरव्या जाळीच्या गाठी घट्ट करत होते.

"जाऊ दे गं," ते म्हणाले. "पाच तू खाल्लीस, तीन उन्हानं गळली. पुढच्या वर्षी जाळी दुप्पट करतो."

सुकन्यानं जाळीचं एक टोक धरलं.

"मामा," ती म्हणाली, "ती तीन पण गळली नव्हती."

संगप्पांनी जाळी सोडली, घडी केली आणि आत नेऊन ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिसऱ्या तारेवर उमादेवींची दोन लुगडी वाळत होती, आणि संगप्पा त्यांच्याखाली वाकून झाडाला पाणी घालत होते.