वाटाड्याची तोंडी परीक्षा

आमच्या शेजारच्या सावंतभाऊंनी एका यंत्राची तोंडी परीक्षा घेऊन त्याला नापास केलं, तेव्हा मी तिथे होते. नुसती होते असं नाही, गाडी मीच चालवत होते. यंत्र पुढच्या काचेला चिकटवलेलं. भाऊ माझ्या डावीकडे, मांडीवर वही उघडून. त्यांनी यंत्राला विचारलं, "मुलुंडच्या पूर्वेकडून पश्चिमेला गाडीने जायला वाटा किती? सांग."

यंत्र म्हणालं, "दोनशे मीटरनंतर डावीकडे वळा."

भाऊंनी कानावरची पेन्सिल काढली आणि लिहिलं : 'विचारलं एक, सांगितलं भलतंच. शून्य.'

भाऊ म्हणजे प्रभाकर सावंत. मुलुंड पूर्वेला आमच्या सोसायटीच्या चौथ्या मजल्यावर त्यांचं दार आणि माझं दार समोरासमोर आहे. वडील कणकवलीकडून येऊन गिरणीत लागले, भाऊ लालबागच्या एका खोलीत वाढले आणि भांडुपच्या कारखान्यात क्रेनच्या भागांची ड्रॉइंग्ज काढता काढता निवृत्त झाले. निवृत्त झाले ते फक्त नोकरीतून. सोसायटीत कुणाचं लग्न निघालं की हॉलचा नकाशा भाऊच काढणार. कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण, खाली प्रमाण, आणि 'येथे खड्डा आहे' अशी सूचनासुद्धा.

एकदा कुरियरवाल्याने फोन करून विचारलं, "अंकल, बिल्डिंग किधर है?" भाऊ म्हणाले, "हिलना नहीं." पाच मिनिटांत कागदावर नकाशा काढला, चार जिने उतरले, चौकात त्याला गाठलं, नकाशा त्याच्या हातात दिला आणि परत वर आले. पार्सल त्याच्याकडून घ्यायचं काही सुचलं नाही. थोड्या वेळाने कुरियरवाला नकाशा बघत बघत दारात पोचला. भाऊ मला म्हणाले, "बघ बाय, बरोब्बर आला!"

तर अशा माणसाने यंदा जानेवारीत एका सकाळी माझी बेल वाजवून जाहीर केलं, "गाडीला वाटाड्या घ्यायचाय."

"वाटाड्या?"

"ते रस्ता सांगणारं यंत्र गो. उपग्रहावरून चालतं ते."

मला हसूच आलं. मुंबईचा रस्ता भाऊंना सांगायचा म्हणजे माशाला पोहायला शिकवायचं. मी म्हटलं, "भाऊ, फोनवर असतं की सगळं. फुकट. मी लावून देते."

"प्रश्न तो नाही."

हे भाऊंचं ठरलेलं वाक्य. तुम्ही काहीही म्हणा, प्रश्न तो नसतो. खरा प्रश्न नेहमी त्यांच्याकडे असतो आणि तो ते सावकाश बाहेर काढतात.

"फोनवर रस्ता लावला," ते म्हणाले, "आणि मधेच गावाहून आबाचा फोन आला तर? आबा एकदा बोलायला लागला की थांबत नाही. नकाशा गेला मागे, आबा आला पुढे, आणि आपण पोचलो ठाण्याला. रस्ता दाखवणाऱ्याने तेवढं एकच काम करावं. मधेच कुणाशी गप्पा मारू नयेत."

मी शाळेत गणित शिकवते. उत्तर पटलं नाही तरी मांडणी बरोबर असली की मला पाच मार्क द्यावेसे वाटतात. मी म्हटलं, ठीक आहे, बघू.

"बघू नाही, तू चल. तू मास्तरीण. मार्क तू द्यायचे."

त्या शनिवारी आम्ही कुर्ल्याला गेलो, गाड्यांच्या सामानाच्या दुकानांच्या रांगेत. तिथे सीट कव्हरपासून हॉर्नपर्यंत सगळं मिळतं, पण भाऊंना हवी होती ती वस्तू म्हटल्यावर चार दुकानदारांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू त्यांनी टांग्याचं चाक मागितलंय. पाचव्या दुकानात एक तरुण भेटला, कपाळावर गॉगल चढवलेला.

"अंकल, ये अभी कौन लेता है? बडी स्क्रीन लो ना. गाना, पिक्चर, रिव्हर्स कॅमेरा, सब आता है."

"पिक्चर बघायला मी गाडीत कशाला बसू? घरी सोफा आहे," भाऊ म्हणाले. "मला सांग, ह्याला इंटरनेट लागतं?"

"नही, मॅप अंदरही है."

"पुलाखाली गेलं तर दम तोडतं?"

"थोडा... चलता है, अंकल."

"चलता है नको. पोचतो की नाही, ते सांग."

अर्धा तास भाऊ प्रश्न विचारत होते. शेवटी तो तरुण थकला. त्याने कुठून तरी तीन वेगवेगळी यंत्रं काढून काउंटरवर ठेवली आणि म्हणाला, "आप एक एक करके ले जाओ. चलाके देखो. जो पसंद आए वो रखो." मला वाटतं, त्याला फक्त भाऊंना दुकानाबाहेर काढायचं होतं.

अशा रीतीने माझे तीन रविवार गेले.

परीक्षेचा मार्ग ठरलेला होता. मुलुंडहून निघायचं, हायवेने भांडुप, विक्रोळी, घाटकोपर करत चेंबूरला पोचायचं. चेंबूरला सुनंदामावशी राहतात. म्हणजे भाऊंच्या बायकोची, आमच्या शुभाकाकींची थोरली बहीण. त्यांच्या इमारतीच्या फाटकाशी परीक्षा संपणार. गाडी भाऊंची, करड्या रंगाची, छोटी, रोज सकाळी आंघोळ घातलेली. पण चालवायची मी. "परीक्षकाने गाडी चालवायची नसते," भाऊ म्हणाले, "त्याचं लक्ष विचलित होतं." मला ते खटकलं नाही. तोपर्यंत त्यांचं कुठलंच म्हणणं मला खटकायचं बंद झालं होतं.

पहिलं यंत्र म्हणजे ज्याला तोंडी परीक्षेत शून्य मिळालं ते. त्याने घाटकोपरपर्यंत ठीकठाक आणलं. पुढे छेडानगरच्या उड्डाणपुलावर आम्ही अगदी मध्यावर असताना त्याने थंडपणे सांगितलं, "आता डावीकडे वळा."

डावीकडे कठडा होता. कठड्यापलीकडे आकाश.

भाऊ चिडले की मालवणीत शिरतात. "अरे मेल्या, पुलावरसून उडी मारू काय?"

यंत्राने पुन्हा सांगितलं, "डावीकडे वळा."

"ह्याला आपण वर आहोत की खाली, तेच कळत नाही. बाय, किती देतेस?"

"वीस."

"वीस कशाला? माणूस मारायला निघालेला. पाच दे." वहीत पाच पडले.

दुसऱ्या यंत्राला पूल कळत होते. पण ते भांडुपला 'बँडअप' म्हणायचं आणि घाटकोपरचं त्याने जे काही केलं ते इथे लिहिता येणार नाही. भाऊंनी ते सोसलं. "परप्रांतातला असेल," म्हणाले, "शिकेल." मग विक्रोळीच्या पुढे भाऊ मला अचानक म्हणाले, "बाय, इथे चुकीचं वळ."

"का?"

"वळ गो. बघू या काय करतो."

मी वळले. यंत्र म्हणालं, "शक्य तितक्या लवकर यू-टर्न घ्या." समोर एक टेम्पो, मागे दोन रिक्षा, आणि यू-टर्न घ्यायला जागा कुठेच नाही. यंत्र पुन्हा म्हणालं, यू-टर्न घ्या. पुन्हा. पुन्हा. भाऊ मोजत होते. अकराव्या वेळी त्यांनी हात जोडले, "घेतो रे महाराजा, जागा तरी येऊ दे!" बाराव्या वेळी त्यांनी त्याची वायरच उपटली.

"हा बाद."

"पण भाऊ, सांगत तर बरोबर होता."

"प्रश्न तो नाही. एकदा सांगितलं, कळलं. बारा वेळा सांगितलं की माणूस घाबरतो. घाबरलेल्या माणसाच्या हातात गाडी असते, हे त्याला कळायला नको?"

मी म्हटलं, "तुम्ही कधी घाबरलात गाडी चालवताना?" भाऊ खिडकीबाहेर बघायला लागले.

तिसरं यंत्र दिसायला अगदी गरीब होतं. स्क्रीन लहान, रंग फिके. आवाज बाईचा, सावकाश, जरासा झोपाळू. त्या रविवारी भाऊंनी मला पाच वेळा चुकवलं. घाटकोपरला चुकवलं, चेंबूरमध्ये दोनदा चुकवलं, मग ट्रॉम्बेच्या दिशेने कुठेतरी नेलं आणि तिथेही एका गल्लीत शिरायला लावलं, जिथे एक म्हातारे गृहस्थ खुर्ची टाकून पेपर वाचत होते. त्यांना उठून खुर्ची उचलावी लागली. माझ्या घरी नववीचे दोन गठ्ठे तपासायचे पडले होते. मी वैतागून म्हटलं, "भाऊ, आता पुरे हं!"

"श्श. ऐक."

यंत्र क्षणभर गप्प राहिलं. मग त्याच झोपाळू आवाजात म्हणालं, "नवा मार्ग शोधत आहे." आणि थोड्या वेळाने, "पुढे सरळ जा."

पाचही वेळा हेच. ना यू-टर्नचा धोशा, ना घाई. पाचव्या वेळी सुनंदामावशींच्या फाटकाशी आम्ही पोचलो तेव्हा भाऊंचा चेहरा निकालाच्या दिवशी पहिला आलेल्या पोराच्या बापासारखा झाला होता.

"पाह्यलंस? चूक काढली नाही. रस्ता काढला." वहीत त्यांनी स्वतःच शंभर लिहिले. मी इतक्या वर्षांनंतरही गणितातसुद्धा शंभर देताना दोनदा विचार करते.

यंत्र बसलं. पुढच्या गुरुवारी शाळेला सुट्टी होती. सकाळी दहाच्या सुमारास मी दूध आणायला खाली उतरले, तर भाऊ फडक्याने यंत्राची काच पुसत होते आणि शुभाकाकी जिन्यातून येत होत्या. सुती साडी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, हातात गाडीची किल्ली. त्या सरळ उजव्या दाराकडे गेल्या, बसल्या, पट्टा लावला, आरसा नीट केला.

मी बघतच राहिले. "काकी, तुम्ही?"

"लायसन मिळून दोन महिने झाले गं," त्या लाजून हसल्या. "सकाळी भजनाच्या क्लासला जाते असं सगळ्यांना सांगायचे, ते ड्रायव्हिंग स्कूल होतं. नापास झाले तर चर्चा नको म्हणून. पहिल्यांदा झालेही."

त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. झोपाळू आवाजाने प्रवास सुरू झाल्याचं सांगितलं. गाडी दोन आचके देऊन फाटकातून बाहेर पडली. भाऊ तिच्या मागे फाटकापर्यंत गेले आणि तिथेच उभे राहिले. गाडी वळून दिसेनाशी झाली तरी उभेच. मग परत येऊन पार्किंगशेजारच्या बाकावर बसले. मी दुधाची पिशवी घेऊन त्यांच्याजवळ बसले.

"तुम्ही का नाही गेलात बरोबर?"

त्यांनी हातातलं फडकं मांडीवर पसरलं. प्रश्न तो नाही, असं ते या वेळी म्हणाले नाहीत.

"डोळ्यांना काचबिंदू झालाय, बाय. समोरचं दिसतं, कडेचं जातंय. दिवाळीनंतर मी स्टिअरिंगला हात लावला नाही. डॉक्टरने सांगितलं, चालवू नका. आता चालवत नाही हे सोसायटीत कुणाला सांगितलं नाही, एवढंच."

मी दुधाची पिशवी बाकावर ठेवली.

"सुनंदा अंथरुणाला खिळलीय. ही दर गुरुवारी जाते. गुडघे दुखतात, स्टेशनचे जिने चढवत नाहीत, रिक्षावाले नाही म्हणतात. मी चालवत होतो तोवर मीच न्यायचो. चौतीस वर्षं माझ्या डाव्या बाजूला बसून ही भांडुपच्या पुढे झोपायची. तिला रस्ता काय ठाऊक असणार?"

"मग तुम्ही शेजारी बसून सांगायचं होतं ना. तुमच्याइतके रस्ते कुणाला पाठ आहेत?"

"बसलो होतो. एकदाच. नवघर रोडवर." भाऊ हातातल्या फडक्याच्या घड्या घालत होते. "माझा आवाज चढतो गो. तिथे काय वळतेस, इकडे बघ, ब्रेक मार. तिने गाडी बाजूला घेतली आणि रडली. एवढ्या वर्षांत मी तिला कधी रडवलं नव्हतं. म्हणून म्हटलं, आपल्यापेक्षा सभ्य आवाज शोधू या."

मी माझा फोन काढला. "भाऊ, काकींच्या फोनवरून त्या कुठे आहेत ते इथे दिसेल. लावून देऊ?"

त्यांनी फोनकडे पाहिलं. त्यांना मोह झाला होता, मला दिसत होतं. "नको," ते म्हणाले. "एकटी निघालीय ना? मग जाऊ दे एकटी."

ऊन बाकाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत गेलं. माझं दूध तापवायचं राहिलं. सव्वाअकराला भाऊंचा फोन वाजला आणि तो त्यांच्या हातून पडतापडता राहिला. काकींचा आवाज मलाही ऐकू येत होता. "पोचले हो! घाटकोपरला चुकले मधे, पण काही झालं नाही. सुनंदाला सांगितलं तर तिला खरंच वाटत नाहीये. खिडकीतून गाडी दाखवली तिला!"

"हं," भाऊ म्हणाले. "हँडब्रेक लावलास?" आणि मग अगदी हळू, "चार वाजेपर्यंत निघ. घाई नको."

त्यांनी फोन ठेवला, चष्मा काढला, फडक्याने पुसला आणि परत लावायला पुष्कळ वेळ घेतला.

दुपारी साडेतीनला मी गॅलरीत वाळलेले कपडे काढायला गेले. खाली भाऊ घरातल्या दोन प्लास्टिकच्या खुर्च्या घेऊन आले होते. त्यांच्या गाडीच्या जागेत दुसऱ्या कुणी गाडी लावू नये म्हणून एक त्यांनी पुढच्या टोकाला ठेवली, एक मागच्या. पुढच्या खुर्चीवर स्वतः बसले, फाटकाकडे तोंड करून. एक पाण्याच्या बाटल्यांचा टेम्पो आत शिरून तिथेच थांबायला लागला, तसे ते उठून उभे राहिले आणि दोन्ही हात पसरले.

"इथे नाही, इथे नाही. मिसेस येतायत गाडी घेऊन."