माल उतरतोय

संगणकावर फायली उतरत असल्या की आमचे शेजारी युसूफचाचा घरात मिक्सर लावू देत नाहीत. "माल उतरतोय," एवढंच म्हणतात. चाची मुकाट्याने पाट्यावर वाटण वाटतात.

महाडात चाचांनी तीस वर्षं ट्रकचा धंदा केला. आता धंदा मुलाकडे आणि चाचा संगणकाकडे. भाषा मात्र ट्रकचीच राहिली. अपलोड म्हणजे माल चढला, डाउनलोड म्हणजे माल उतरला आणि इंटरनेट गेलं की घाट बंद.

मध्यंतरी त्यांचा संगणक दुरुस्त होऊन आला, तेव्हा क्लाउडचं सॉफ्टवेअर नव्याने टाकावं लागलं. फायली डिस्कवर जागच्या जागी होत्या. पण ते सॉफ्टवेअर त्यांना ओळखच देईना. सगळ्या वरून पुन्हा उतरवू लागलं. चार दिवस झाले तरी काटा हलेना. मी बिरवाडीला कारखान्याच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसतो, म्हणून मला बोलावणं आलं.

"सुनील, माल गोदामात हाय. मग हा परत कुठला उतरवतोय?"

मी सॉफ्टवेअरला जुनं फोल्डर दाखवलं. ते रिकामं नाही म्हणून सॉफ्टवेअर अडून बसलं. जबरदस्ती केली, तर प्रत्येक फोटोशेजारी त्याची कॉपी उभी राहिली. लेकीच्या निकाहात चाचांचा जावई दोन-दोनदा दिसू लागला.

"एकच पुरे हाय," चाचा म्हणाले.

वैतागून मी म्हटलं, "इथलं सगळं उडवू या. क्लाउडवर आहेच, सावकाश उतरेल."

"क्लाउड म्हणजे ढगच ना?"

"हो."

"मग ढगातनं काय उतरतं ते महाडवाल्याला नको सांगू. आधी एकेक ताडून बघ."

दोन रविवार आम्ही ताडत बसलो. दुसऱ्या रविवारी एक फोल्डर सापडलं, जे वर कधी गेलंच नव्हतं. फक्त याच डिस्कवर होतं. त्यात गल्लीतल्या प्रत्येक घराच्या नावाचं एकेक फोल्डर. पुरात आमच्या सगळ्यांचे अल्बम गेले. चाचांचं घर वरच्या मजल्यावर, म्हणून त्यांचे फोटो वाचले. त्यातले शेजाऱ्यांचे चेहरे शोधून त्यांनी वेगळे ठेवले होते.

'सुनील'मध्ये एकच फोटो होता. माझी आई.

"द्यायचा होता," चाचा पडद्याकडे बघतच म्हणाले. "ती गेली तेव्हा घेऊन आलेलो. तू दार उघडलंस, आणि माझी हिंमत नाय झाली."

त्या दिवशीचं ते 'सगळं उडवू या' माझंच होतं. मी माउसवरचा हात काढून घेतला.

चाचांनी फोटो मोठा केला. निकाहाच्या पंगतीत बसलेली आई, ताटावरून मान वर करून कुणाकडे तरी बघून हसत होती.

"कुणाकडे बघतेय?" मी विचारलं.

चाचांनी फोटो हळूच बाजूला सरकवला. कडेला मी होतो, पाण्याचा जग घेऊन वाढत.