देविदासभाऊंचं ‘काही नाई’

देविदासभाऊंचा फोन आला की मी आधी खुर्चीत नीट टेकून बसते. त्यांचं काम छोटंच असतं, पण ते एक वाक्य बोलतात आणि थांबतात.

“ताई, मी देविदास बोलून राह्यलो.”

मग शांतता. आपण “हाव, बोला” म्हणेपर्यंत पुढचा शब्द निघत नाही.

“एक काम होतं.”

पुन्हा शांतता, पुन्हा आपलं “हाव”.

“माही चाबी तुमच्या टेबलावर राह्यली.”

हा फोन ते बहुतेक वेळा आमच्याच ऑफिसच्या जिन्यातून करतात.

आमचं ऑफिस मानोऱ्यात आहे, भाजीपाला पिकवणाऱ्या शेतकऱ्यांच्या एका कंपनीचं. कुठल्या गावातून किती माल निघाला याच्या फायली दिवसभर येत राहतात आणि त्या वाशिमच्या सर्व्हरवर पाठवायच्या असतात. त्यासाठीचा प्रोग्राम देविदासभाऊंनी स्वतः लिहिला. तो कसा चालतो हे ते कुणी विचारलं नाही तरी सांगतात. प्रोग्राम आधी आपलं नाव सांगतो आणि थांबतो. सर्व्हर म्हणतो, बरं, पासवर्ड सांग. पासवर्ड देऊन प्रोग्राम पुन्हा थांबतो. मग ‘अमुक फोल्डर उघड’, मग ‘ही फाईल घे’. प्रत्येक हुकमाला सर्व्हर आकड्यात उत्तर देतो.

“उत्तर आल्याबिगर दुसरी कमांड द्यायचीच नाई, ताई,” ते म्हणतात. “मानसायचं काय, सारे एकदमच बोलून राह्यले.”

हे त्यांच्या इतकं अंगी मुरलंय की चहाच्या टपरीवरही ते तसेच. “चहा पायजे,” म्हणतात आणि थांबतात. टपरीवाला “हाव” म्हणाला की मग “साखर कमी”. तोवर साखर पडून चहा उकळलेला असतो. मग तोच गोड चहा ते तोंड वाकडं करून पितात आणि टपरीवाल्याला घाई फार असते म्हणतात.

फाईल नीट पोचली की सर्व्हर ‘दोनशे सव्वीस’ असं उत्तर देतो. घरी जेवण झालं की देविदासभाऊही “दोनशे सव्वीस” म्हणतात आणि वहिनी मुकाट्यानं ताट उचलतात. एकदा बँकेच्या वॉचमननं त्यांना ओळखपत्र नाही म्हणून दारातून परत पाठवलं. ते आले ते “पाचशे तीस, ताई” म्हणतच. म्हणजे सर्व्हरनं ओळख नाकारली.

निघतानाचा प्रकार तर विचारूच नका. सर्व्हरचा निरोप घेतल्याशिवाय लाईन सोडणं त्यांच्या लेखी असभ्यपणा. त्यामुळे रोज संध्याकाळी ते माझ्या टेबलाशी येऊन “निंगतो मी” म्हणतात आणि मी “या” म्हणेपर्यंत उभे राहतात. एकदा मी नणंदेशी फोनवर बोलत होते आणि विसरले. हा गृहस्थ डबा हातात धरून आमच्या घरचं सगळं भांडण ऐकत उभा.

याच स्वभावानं त्यांचा घात केला. इंझोरीला त्यांचा थोरला भाऊ किसनदादा राहतो, दोघांचा भाजीचा मळा सामाईक. देविदासभाऊंना मळ्यात वांगी लावायची होती, दादांना मेथी; त्यावरून दोघांची जुंपली. दादा रागानं म्हणाले, “निंग इथून.” दुसरा कुणी असता तर घटकाभर बांधावर बसला असता आणि दादांचा राग उतरल्यावर घरी चहाला गेला असता. देविदासभाऊंनी तो हुकूम मानला. “निंगतो,” म्हणाले आणि खरंच निघाले. त्या दिवसापासून दादांनी बोलणं टाकलं, त्याला तीन-चार महिने झाले. ते मनाला फार लागलंय, हे मला दिसत होतं.

तरी रोज घरी निघण्याआधी ते दादांना एक फोन करत.

“काही नाई, दादा.”

पलीकडून “हं.” फोन बंद.

शेवटी मी चिडले. “काही नाई तर फोन कायले करता, भाऊ? सरळ माफी मागा नं.”

त्यांनी डबा टेबलावर टेकवला. “ताई, दोन फायलीच्या मधात काम नसते. पन आपन चूप बसलो की सर्व्हरले वाटते, हा गेला. मंग तो लाईन कापते. म्हून माहा प्रोग्राम मधून मधून एक रिकामी कमांड धाडते. काही मांगत नाई, काही देत नाई. हाये एवढंच सांगते.”

“आन् दादा?”

“‘हं’ म्हनतात नं. म्हंजे लाईन चालू हाये.”

मला हसू आलं, पण पुन्हा माफीचं नाव काढलं नाही. मी फायली चाळत बसले.

परवा मानोऱ्यातला टॉवर दुपारीच बंद पडला. संध्याकाळी देविदासभाऊ फोन हातात धरून गच्चीवर गेले, रस्त्यावर गेले, टपरीच्या बाकड्यावरसुद्धा चढले. रेंज नाही ती नाहीच. “कापली आज लाईन,” म्हणाले. त्यांचा चेहरा बघवेना. “उद्या लावा,” एवढंच मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते ऑफिसात येऊन बसले आणि रेंज आली. त्यांनी नंबर लावायला फोन उचलला, तेवढ्यात तोच वाजला. पडद्यावर ‘दादा’. ते नुसते बघत राहिले.

“सर्व्हर आपल्याहून कदी बोलत नाई, ताई.”

“बोलून राह्यला नं. उचला आता.”

त्यांनी उचलला. किसनदादांचा आवाज एवढा मोठा की मलाही ऐकू आला. “काल फोन काहून नाई केला?”

“टावर बंद होता, दादा.”

पलीकडे बराच वेळ काही नाही. देविदासभाऊ थांबले. थांबायची त्यांना सवयच.

“वांगे तोडले आज,” दादा म्हणाले. “घेऊन जाय.”

देविदासभाऊंनी फोन खिशात घातला आणि डब्याची पिशवी रिकामी करून खांद्याला लावली. मी “या” म्हणायला तोंड उघडलं, तोवर ते जिना उतरून रस्त्याला लागले होते.