किसनमामांची मरम्मत

किसनमामा कुणाला रामराम घालत नाहीत. समोर आलेल्या माणसाचा दंड धरतात, अंगठ्यानं जोरात दाबतात आणि विचारतात, "काय खाल्लं सकाळी?" उत्तर खरं द्यावं लागतं, कारण दंड अजून त्यांच्याच हातात असतो.

मी रोज सापडतो. हिंगोलीकडच्या आमच्या गोरेगावात बस थांबते तिथं समोरच माझं कापडाचं दुकान आहे, आणि मामांचं घर माझ्या घराला लागून. सकाळी शटर वर करायच्या आत माझा दंड दाबला जातो. "चहा आणि टोस्ट," मी म्हणतो. मग मामा किडकं वांगं परत टोपलीत टाकावं तसा माझा दंड सोडून देतात.

"काहून असं करून राहिले भाऊ? चहानं कुठं मांस येतं का? वरून नुसतं कापड हाय, आत माणूस न्हाई!"

मामा एस.टी.वर ड्रायव्हर होते. सगळी नोकरी वसमतकडं झाली, घरी यायचे ते पाहुण्यासारखे. माणसाच्या शरीराकडं ते अजूनही गाडी म्हणूनच बघतात. व्यायामानं मांसाचे धागे थोडे तुटतात, ते जोडायला डाळ, दूध, अंडी लागतात आणि जोडायचं काम बरंचसं झोपेत होतं, हे त्यांनी मला असं समजावलं: "गाडी रस्त्यावर झिजती, मरम्मत व्हती डेपोत. पण डेपोत पार्ट पायजेत का न्हाई? तुमची गाडी तर रस्त्यावर निघतच न्हाई, आन् पार्ट म्हणून टोस्ट!"

अंगात मांस असलं की माणूस बसल्या जागीही जास्त अन्न जाळतो, हा त्यांचा दुसरा आवडता मुद्दा. "बंद गाडीत डिझल भरून काय उपेग? टाकीच फुगती," असं म्हणून ते माझ्या पोटाकडं बघतात. नेमकी त्याच वेळी माझी बायको दारात येऊन उभी राहते.

एकदा आमच्या पुतणीला बघायला मंडळी आली. वडीलधारं माणूस म्हणून आम्ही मामांना बोलावलं, ही चूक आमचीच. पोह्यांच्या बशा फिरत होत्या, मुलगा मान खाली घालून बसला होता. मामांनी त्याचा दंड धरला. मुलगा दचकला. "नोकरी बराबर हाय," मामा सगळ्यांसमक्ष म्हणाले, "पण पोरगं कच्चं हाय. फुटाणे खाऊ द्या, बैठका मारू द्या, मंग बघू." पाहुणे बशा ठेवून उठायच्या बेतात होते. पुतणीला मात्र मुलगा आवडला होता, म्हणून निभावलं. जावई अजूनही आमच्याकडं मागच्या दारानं येतात.

माझ्या शेतात हळद काढायला बाया आल्या, तेव्हा मामा न सांगता हरभऱ्याच्या घुगऱ्यांचं पातेलं घेऊन बांधावर हजर. "कुदळ मारणाऱ्या हाताला नुसत्या चटणी-भाकरीवर कसं भागंल?" बायांनी पोटभर खाल्लं आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या शेतात गेल्यावर तिथंही घुगऱ्या मागितल्या. तो शेजारी अजून माझ्याशी बोलत नाही.

मामा आधी असे नव्हते. हे सुरू झालं ते गंगामामींच्या दुखण्यापासून.

मामा निवृत्त झाले त्याच पावसाळ्यात मामींना मुदतीचा ताप आला. ताप उतरला, पण मामांनी त्यांना खाटेवरून उठू दिलं नाही. "जल्मभर एकटी राबली. आता मी करतो," म्हणाले. आमच्याकडं आजारी माणसावर जीव असला की त्याला झोपवून ठेवतात आणि पातळ पेज पाजतात. मामांचा जीव जरा जास्तच होता. पेज, साबुदाण्याची खीर, पुन्हा पेज. पाण्याचा तांब्यासुद्धा ते हातात देत. दिवाळीला मामी उठायला गेल्या, तर पाय उभेच राहीनात. हिंगोलीच्या डॉक्टरांनी मामींचा दंड दाबून पाहिला आणि मामांना सांगितलं, "आजार केव्हाच गेला. आता जे गेलंय ते पडून राहण्यानं आणि पेजेनं गेलंय."

त्या दिवशी मामा माझ्या दुकानात येऊन बसले. "मीच गाडी उभी करून ठेवली, भाऊ. आन् पार्ट बी दिले न्हाईत." त्यांचे डोळे भरले होते. मला फार वाईट वाटलं.

पुढं साखरा गावी मामींच्या भाच्याचं लग्न निघालं. भावानं जीप पाठवतो म्हणून निरोप धाडला. मामी म्हणाल्या, "ड्रायवरची बायको हाय मी. माह्या पायानं यष्टीत चढून येईन. न्हाई जमलं तर येत न्हाई."

एस.टी.ची पहिली पायरी उंच असते. मामांनी अंगणात तेवढ्याच उंचीचा दगड मांडला. उंची त्यांना मोजावी लागली नाही. खुर्चीतून हात न टेकता उठणं, मग दगडावर पाय टाकून चढणं, मग मुगाची उसळ आणि दही, मग झोप. मामींच्या गळ्यात तुळशीची माळ, त्यामुळं अंड्यांचं नाव नव्हतं. झोपेच्या वेळी मामांनी समोर बसून बघत राहायचं नाही, ही मामींची अट. मग ते बाहेर पडत आणि गावाचे दंड दाबत फिरत.

लग्नाच्या सकाळी मी दुकानाच्या दारात उभा होतो. गाडी आली. बाकीचे चढले. कंडक्टरनं मामींना हात द्यायला वाकताच मामा ओरडले, "हात लावू नका!"

त्यांनी स्वतःही लावला नाही. मामींच्या मागं दोन्ही हात पसरून उभे होते. मामींनी दांडी धरली, पाय टाकला आणि अर्ध्यात थांबल्या. मग त्या वर गेल्या.

वर जाऊन त्या वळल्या. मामा खालीच, हात तसेच पसरलेले. मामींनी वाकून त्यांचा दंड धरला आणि अंगठ्यानं दाबला.

"काय खाल्लं सकाळी?"

मामांनी आधी माझ्याकडं बघितलं, मग खाली.

"चहा," ते म्हणाले. "नुसता."