झनकलालकाकांची खुर्चीतली बाई

तिरोड्यात आमच्या शेजारी राहणाऱ्या झनकलालकाकांकडे चित्र पाहिल्याशिवाय चहा मिळत नाही. इतरांच्या बैठकीत जिथे आजोबांचा हार घातलेला फोटो असतो, तिथे त्यांनी एक तैलचित्र लावलंय. गर्द हिरव्या रेशमी साडीतली, खुर्चीत रेलून बसलेली रुबाबदार बाई.

पहिल्यांदा मी हळूच म्हणाले, "छान आहे."

"छान तं भजेबी रायते! इंग्लिश मिडियमच्या पोरीले एवढंच येते? नीट पाय. घाबरून कायले रायली? ते काही उठून येत नाही."

मग पाहिलं. मनगटावर बांगडी जिथे रुतते तिथली दबलेली कातडीसुद्धा चित्रकाराने सोडली नव्हती. गुडघ्यावरच्या घडीत हिरवा रंग जवळजवळ काळा झाला होता. आणि हनुवटी जराशी वर, आधी समोरच्याने बोलावं अशी.

तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या. कपाच्या वाफेमागे तीच हनुवटी होती. मी एकदा चित्राकडे, एकदा काकूंकडे पाहिलं.

"वळखलं!" काका ओरडले. "पोरीनं वळखलं!"

काकू लाजून आत पळाल्या.

परवा सौंदडहून काकांचे मोठे भाऊ आले. त्यांच्या नातीला पाहायला येणारे पाहुणे काकांच्या याच बैठकीत बसणार होते. मी काकूंना चहा द्यायला मदत करत होते.

"झनक्या, हे परकी बाई काढ इथून. पाहुणे काय म्हणतीन?"

"काढत नाही."

"आहे कोण हे?"

"आत्ता चहा कोणं देल्ला तुले, दादा?"

दादांनी दाराकडे पाहिलं. काकू नाकापर्यंत पदर ओढून उभ्या होत्या. नवऱ्याच्या मोठ्या भावासमोर त्यांच्यात अजून असाच पदर घेतात. इतक्या वर्षांत दादांनी भावजयीचा चेहरा पाहिलाच नव्हता.

"मंग... त्या दिवशी चादर तरी टाक त्याच्यावर," दादा जमिनीकडे पाहत म्हणाले.

"झाकलं तेवढं पुरे झालं!"

"मंग पाहुणे माह्या घरी येतीन. तू येऊ नोको."

"नाही येत!"

दादा चहा अर्धा टाकून गेले.

काकूंनी पदर मागे सारला. "भावाशी वैर घेतलं. कायले जी?"

काका चित्राकडे तोंड करून बसले होते. त्यांचा एवढा हळू आवाज मी कधी ऐकला नव्हता. "मी गेल्यावर या घरात कोणी तं वळखलं पायजे ना तुले."

काकूंनी दादांचा अर्धा राहिलेला कप उचलला.

"तिकडं काय सांगता?" त्या म्हणाल्या. "मी इकडं आहो."