राणी क्लेओमाखीचा हंबरडा

स्त्रीचं दुःख ही इतकी नाजूक गोष्ट आहे, की ती स्त्रियांच्या हाती सोपवून चालत नाही. आमच्या अथेन्स नगरीला हे फार पूर्वी कळलं आणि तिने रीतसर व्यवस्था लावून टाकली. खरं दुःख कायद्याच्या ताब्यात दिलं, खोटं नाटकाच्या. (दोन्ही खाती पुरुषच बघतात, त्यामुळे गोंधळ होत नाही.)

कायदा सोपा आहे. घरात मयत झालं तर बायकांनी गाल ओरबाडू नयेत, हंबरडा फोडू नये, सूर्य उगवायच्या आत पुरुषांच्या मागून मुकाट चालावं. वसंतातल्या नाट्योत्सवात मात्र हे सगळं झालंच पाहिजे, फक्त ते पुरुषांनी करायचं, मुखवटे लावून. मी स्वतः कुंभार, दाढी छातीपर्यंत. गेली नऊ वर्षं पंधरा जणांच्या गायकवृंदात डावीकडून चौथी दासी असतो. झगा पायात येतो, पण माझ्या शोकाला अजून कुणी नाव ठेवलेलं नाही.

शोकनाट्यातली चांगली बाई ‘मी बाईमाणूस, मी काय बोलणार’ असं म्हणून दोनशे ओळी बोलते. वाईट बाईही तेवढंच बोलते, पण तिचं म्हणणं पटतं. तिथेच तिचा वाईटपणा उघडा पडतो. शेवटी दोघी आत जाऊन मरतात आणि निरोप्या बाहेर येऊन ते सविस्तर सांगतो. मी मोजदाद ठेवली आहे. नऊ वर्षांत एकवीस राण्या गेल्या: तेरा गळफासाने, सहा तलवारीने, दोन नुसत्या संतापाने. म्हातारपणाने एकही नाही. (राजे बहुधा वाचतात. पश्चात्ताप करायला कुणीतरी मागे उरावं लागतंच.)

यंदा राणी क्लेओमाखीचं काम माझा शेजारी फिलाग्रस याला मिळालं. या राणीची लहान मुलगी मरते आणि ती हंबरडा फोडते. नाटकाचा सगळा डोलारा त्या एका हंबरड्यावर. फिलाग्रसचा हंबरडा दाढ उपटताना येतो तसला होता. तालमीत आम्ही दास्या मान खाली घालून हसायचो.

उत्सवाला महिना उरला असताना फिलाग्रसची सहा वर्षांची पोर तापाने गेली. त्याच्या बायकोने दारातच आवाज काढला. तो कसा होता ते मला सांगता येणार नाही. माझ्या चाकावरचं भांडं कोलमडलं एवढं खरं. शिष्टाचार अधिकारी मिकिओन धावत आला.

“बाई, आवाज खाली. शहर आहे हे.”

“लेकरू गेलंय माझं, दादा.”

“जातात, बाई. कायदा आहे तिथेच आहे.”

ती गप्प झाली. त्यांचा कुत्रा कोराक्स दोन दिवस विव्हळत होता, पण कुत्र्यांविषयी कायद्यात कलम नाही.

फिलाग्रसलाही दुःख झालं होतं, मी त्याच्यावर आळ घेणार नाही. पण तो जातिवंत नट. नवव्या दिवशी भिंतीपलीकडून त्याचा आवाज आला.

“अगं, दारात काढलास ना, तो आवाज परत काढ बघू.”

“अहो, काय बोलताय तुम्ही?”

“आत्ताच काढ. पुढे विसरशील.”

“विसरेन?” ती म्हणाली.

शेवटी तिने शिकवला. मिकिओनच्या कानावर जाऊ नये म्हणून फिलाग्रसने माझ्याकडून एक मोठा रिकामा रांजण नेला. ती त्यात तोंड घालून रडायची आणि हा बाहेर कान लावून बसायचा. “सुरुवात जरा लांबव,” असं सांगायचा. रांजण मीच दिला. कशासाठी ते मला ठाऊक होतं.

उत्सवात क्लेओमाखीने हंबरडा फोडला आणि हजारो पुरुष ढसाढसा रडले. पहिल्या रांगेत मिकिओनने झग्याची बाही पार भिजवली. मी चौथी दासी, माझ्या कामात नव्हतं तरी रडलो. इतक्यात सगळ्यात वरच्या रांगेतून, बायका बसतात तिथून, तोच हंबरडा आला. तीच लांबलेली सुरुवात.

सगळं नाट्यगृह मागे वळलं. “श्शू! गप्प बसा!”

मिकिओन डोळे पुसत उभा राहिला. “बाई, राणीला रडू द्या की!”

तिला उचलून बाहेर नेलं. क्लेओमाखीने तिथूनच पुढची ओळ घेतली, एक अक्षर चुकलं नाही. बक्षीस फिलाग्रसला मिळालं. परीक्षक म्हणाले, आईचं काळीज इतकं खोलवर कुठल्या बाईलाही कळलं नसतं. फिलाग्रसने मान लववली. रांजण त्याने परत केला, पण मी अजून त्यात काही भरलेलं नाही.

घरंदाज बाईचं नाव चारचौघांत घ्यायचं नाही, ही आमची रीत. ती मी इथे कसोशीने पाळली. राणीचं नाव सांगितलं, नटाचं सांगितलं, अधिकाऱ्याचं, अगदी कुत्र्याचंसुद्धा. तिचं नाही, तिच्या पोरीचंही नाही. तुम्ही काही आमच्या गावचे नाही, तुम्हाला या रीतीचं बंधन नव्हतं. तरीही इथवर आलात आणि एकदाही विचारलं नाहीत. पुढच्या वसंतात नाटकाला या. पहिल्या रांगेत मिकिओनच्या शेजारी बसवतो.