तायडे सरांचे पिसाळलेले कण

मे महिन्यात भर दुपारी गाडीची हवा गेली, तर आमच्या गल्लीत कुणी खिळा शोधत नाही. सगळे तायडे सरांच्या दाराकडे पाहतात. सर दारातच उभे असतात. अंगात बंडी, डोक्याला ओला दुपट्टा, गळ्यात दोरीनं अडकवलेलं, सेल्सिअस-फॅरनहाइट दोन्ही आकडे असलेलं थर्मामीटर आणि हातात टायरची हवा मोजायचं मीटर.

"सर, आज पुन्हा?"

"सारी नाई काढली, रेखा. थोडीशीच. सांजच्याले भरून घेजो."

"पन काहून?"

"काहून म्हन्ते! त्रेचाळीस हाये आज. टायरातले कण पिसाळले. आतून दनादन मारून राह्यले. फुटलं म्हंजे?"

एकदा पंक्चरवाल्यानं त्यांना सांगितलं की हवा कमी असली तर टायर उलट जास्तच तापतं. सर दोन दिवस सुन्न होते. बाहेरच आले नाहीत. तिसऱ्या दिवशी मी स्कुटी काढायला गेले, तर हवा नेहमीसारखी गेलेली होती आणि दोन्ही चाकांवर ओली पोती घातलेली होती.

सर आमच्या अनसिंगच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. मलाही त्यांनीच शिकवलं. मला विज्ञानात पस्तीस मार्क पडले यात त्यांचा काही दोष नाही. आता मी बसस्टँडजवळ झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान चालवते, तिथे विज्ञान लागत नाही. सरांचा जीव साऱ्या पुस्तकात एकाच धड्यात होता. जगातली प्रत्येक वस्तू बारीक बारीक कणांची बनलेली आहे आणि ते कण कधीच स्वस्थ बसत नाहीत, तो धडा. प्रकाश ते दोन दिवसांत उरकायचे, चुंबक एका तासात. कण मात्र दिवाळीपर्यंत पुरायचे.

टेबलावर दगड ठेवून ते म्हणायचे, "मुकाट दिसते ना? खोटं हाये. आत सारे थरथरून राह्यले. लग्नात पंगत बसते, मानूस जागा सोडत नाई पन चुळबूळ करत राह्यते, तसे. थे स्थायू. पंगत उठली, हात धुवाले गर्दी झाली, एकमेकायले खेटून सरकून राह्यले, थे द्रव. अन् वरातीतलं घोडं उधळलं, ज्याले जिकडे वाट भेटली तिकडे थो पळाला, थो वायू. बदललं काय? मानसं तेच. फकस्त धावनं वाढलं."

घोडं उधळलं की आम्ही खिदळायचो. सर हसायचे नाहीत. ते दगडाकडे पाहत राहायचे, हा आता काय करतो म्हणून.

उष्णता वेगळी आणि तापमान वेगळं, हे सांगताना तर त्यांचा आवाज खाली यायचा. "एकएक कण किती जोरात धावते, थे तापमान. साऱ्यायचं धावनं मिळून किती, थे उष्णता. चुलीतली ठिनगी लालबुंद असते, पन कण मूठभर. हातावर पडली तं चटका बसते, बस. घंघाळभर कढत पानी ठिनगीपेक्षा थंड असते. पन अंगावर सांडलं तं मानूस जाते." मग ते खिडकीबाहेर उन्हाकडे पाहायचे आणि वर्गात कुणी खोकलं तरी दचकायचे.

रिटायर झाल्यावर त्यांना भ्यायला दिवसभर मोकळा वेळ मिळाला. घरात एकटेच. बायको कमलबाई तापानं गेल्या त्याला खूप वर्षं झाली, मूलबाळ नाही. भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, खाली पुस्तकांची मांडणी आणि कोपऱ्यात ओल्या पोत्यात गुंडाळलेलं गॅसचं सिलिंडर. ते पोतं दिवसातून चार वेळा ओलं व्हायचं. सोड्याची बाटली त्यांनी उभ्या जन्मात उघडली नाही. कुकर तर घरात नाहीच. आमच्या घरी कुकर चढला की सर चप्पल घालून गल्लीपलीकडच्या निंबाखाली जाऊन उभे राहायचे आणि तिथून शिट्ट्या मोजायचे. तिसरी शिट्टी लांबली की ओरडायचे, "वैनी, ग्यास बंद करा! कोंडले कण! शिट्टी म्हंजे धमकी असते त्यायची!"

आई पदर तोंडाला लावून हसायची आणि नंतर त्याच कुकरातलं वरण वाटीत घालून त्यांना पाठवायची. ते सर मिटक्या मारत खायचे. बाहेर आलेल्या वरणाचं त्यांना भय नव्हतं.

कुलर मात्र त्यांचा फार लाडका. शेजारीपाजारी कुणाचा कुलर दुरुस्त करायचा असला की सर हजर. "पान्यातले जे दांडगे कण असतात ना, सारे धावरे, थे उडून जातात. मांगं राह्यतात थे गरीब, हळू चालनारे. म्हून पानी गार होते. अंगावरचा घामही तसाच. दांडगे घर सोडून गेले की घर शांत होते." हे एवढं एक वाक्य बोलताना त्यांच्या चेहऱ्यावर भीती नसायची.

आम्ही त्यांची टिंगल करायचो, पण खरं सांगते, भीती उष्णतेसारखीच असते. जास्तीकडून कमीकडे वाहते. सर समोर राहत होते आणि त्यांची भीती हळूहळू आमच्या घरात येत होती. विशेषतः माझ्या मनात, आणि विशेषतः बाबांबद्दल.

बाबा म्हणजे गजाभाऊ. गावाबाहेर आमचा भाजीपाल्याचा मळा आहे. वांगी, पालक आणि सांबार, ज्याला बाहेरचे लोक कोथिंबीर म्हणतात. त्या मे महिन्यात शेतातल्या मोटारीला विजेची लाईन दुपारी बारानंतर मिळत होती. म्हणजे पाणी द्यायचं तर भर उन्हातच. बाबांचं वय साठीच्या वर. सर रोज साडेअकराला रस्त्यात आडवे उभे राहायचे.

"गजाभाऊ, आज पंचेचाळीस हाये. नोका जाऊ."

"सर, लाईन आता येईन. सांबार सुकून राह्यला."

"सुकू द्या. तुमच्या अंगात पानी हाये, त्याच्यातही कणच हायेत. थे कोनाचं आइकत नाईत, भाऊ."

"मंग त्यायले सांगा, गजाभाऊ सांजच्याले भेटते," असं म्हणून बाबा सायकलवर टांग मारायचे. गल्ली हसायची. मीही हसायचे. पण बाबा वळणावरून दिसेनासे होईपर्यंत मी दारातून हलायचे नाही आणि दुकानात बसले तरी माझं लक्ष घड्याळाकडे असायचं. एकदा मी बाबांना म्हटलं, उद्या जाऊ नका. ते म्हणाले, तुले सरानं बिघडवलं. तेव्हा मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याचा मला आजही राग येतो.

त्या दिवशी मी जेवायला घरी आले होते. अडीचच्या सुमाराला बाबा दारात आले. सायकल नव्हती. डोळे लाल आणि अंगावर घामाचा थेंब नाही. मला पाहून म्हणाले, "मोटर बंद कर, घरात पानी घुसून राह्यलं." घरात पाणी नव्हतं. मग ते ओसरीवरच आडवे झाले आणि दात वाजवायला लागले.

आईनं कपाळाला हात लावला आणि झटकन मागे घेतला. "माय वं! अंग भाजून राह्यलं. ताप भरला. घाम काढा लागते."

आमच्याकडे ताप आला की गोधडी घालतात. माझ्या आजीनं तेच केलं, तिच्या आईनं तेच केलं. आईनं घडवंचीवरून दोन गोधड्या ओढल्या आणि बाबांवर टाकल्या. पायाकडून गोधडी नीट खोसली ती मी. बी.ए. झालेल्या, दिवसभर लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरणाऱ्या मी. मग ताप किती आहे ते पाहावं म्हणून सरांचं थर्मामीटर आणायला पळाले. फक्त थर्मामीटर हवं होतं मला.

सरांनी माझं अर्धंच ऐकलं. ते धावले. सरांना धावताना मी जन्मात पाहिलं नव्हतं. अनवाणी, तापलेल्या रस्त्यावरून. ओसरीवर येऊन त्यांनी गोधड्या पाहिल्या आणि असे किंचाळले की आईच्या हातातला तांब्या पडला.

"काढ थे! काढ! मारता का मानसाले!"

त्यांनी स्वतःच गोधड्या ओढून अंगणात फेकल्या. बाबांची बंडी टराटरा फाडली. आई तांब्या पुन्हा भरून बाबांच्या तोंडात पाणी घालायला वाकली, तिला हातानं अडवलं. "तोंडात नोका, वैनी. शुद्ध नाई त्यायले, ठसका लागन. अंगावर टाका. रेखा, गाडीले फोन लाव. मंग चादर भिजव. सूप आन!"

वीज गेलेली होती. पंखा बंद, कुलर बंद. मी दवाखान्याच्या गाडीला फोन लावला, पातळ चादर भिजवून बाबांवर टाकली आणि धान्य पाखडायच्या सुपानं आईनं वारा घालायला सुरुवात केली. सर बगलेत थर्मामीटर धरून बसले. पाहिलं आणि आकडा कुणाला सांगितला नाही. मी वाकून पाहिला. एकशे सहा.

मग सर बोलायला लागले. आमच्याशी नाही. बाबांच्या अंगावरच्या पाण्याशी.

"उडा रे. जा. निंघा लवकर. जे जे दांडगे असतीन थे पह्यले निंघा. जा ना बाप्पा, काहून थांबले? रेखा, पानी टाक. हा, आता वारं. पळा, पळा लेकहो, घर सोडा त्याचं..."

ज्या कणांना हा माणूस आयुष्यभर भ्याला, त्यांच्या तो पाया पडत होता. मला रडू येत होतं आणि इतकी भीती वाटत होती की रडताही येत नव्हतं. मी फक्त पाणी टाकत होते. चादर हातात घेतली की कोमट लागायची, पुन्हा भिजवायची. किती बादल्या झाल्या कोण जाणे. एकशे पाच झालं. मग पुष्कळ वेळ काहीच हललं नाही. मग एकशे चार. गाडीचा आवाज गल्लीत आला तेव्हा एकशे तीनवर होतं, आणि बाबा डोळे न उघडता पुटपुटले, "सायकल वावराच्या धुऱ्यावरच राह्यली."

आई तिथेच भिंतीला टेकून खाली बसली.

वाशीमच्या दवाखान्यात चार दिवस सलाईन चढलं. डॉक्टर म्हणाले, अंग गार न करता नुसतं आणलं असतं तर आणून उपयोग नव्हता. बाबा घरी आले, अशक्त, पण चिडचिड करण्याइतके बरे.

त्या संध्याकाळी मी सरांकडे गेले. ते ओट्यावर बसले होते. पायाच्या तळव्यांना फोड आले होते. मला एक गोष्ट सांगायची होती, चार दिवस ती कुणालाच सांगितली नव्हती.

"सर, गोधडी पायाकडून मीच खोसली होती."

मला वाटलं ते रागावतील, किंवा म्हणतील, जाऊ दे.

"मीही खोसली होती," ते म्हणाले. "कमल वावरातून गव्हाच्या सोंगनीवरून आली दुपारी. असंच अंग कोरडं, असंच काहीबाही बोलत होती. मी शाळेतून सुट्टीत घरी आलो होतो. सातवीले उष्णता शिकवून आलो होतो, त्याच दिवशी. बाष्पीभवन. माय म्हने ताप हाये, घाम काढा. मी घातल्या गोधड्या. दोन. पेपरात इचारलं असतं ना, तं बरोबर लिवलं असतं मी."

"सर, तुम्ही घाबरले होते."

"हो. मानूस भेला की पुस्तक विसरते. मंग मायचंच आइकते." त्यांनी दुपट्ट्यानं तोंड पुसलं. "साऱ्या गावानं म्हनलं, तापानं गेली. मीही तेच म्हनलो. अन् मनाले समजावत राह्यलो. म्हनलं, एवढ्या वरून मानूस वापस येतच नसन. पानी टाकलं असतं तरी काय झालं असतं? पुस्तकात लिवलं होतं की येते, पन म्यां डोयानं पाह्यलं नव्हतं ना. त्याच्यावर एवढे वर्सं काढले."

आमच्या ओसरीवरून बाबांचा आवाज येत होता. चहात साखर कमी पडली म्हणून ते आईशी भांडत होते. सर मान वळवून ते भांडण ऐकत राहिले.

"म्हंजे कमलही वापस आली असती, रेखा," ते म्हणाले.

मी ओट्यावर त्यांच्या शेजारी बसले. आईनं दोनदा हाक मारली, पण मी उठले नाही.